सिलतऱ्याचा नाला आणि मॉडेलमधले रकाने

पाण्याच्या इतिहासावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज जरा धुळीतून जायचं आहे.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलात की शहर मागे पडतं न पडतं तोच सिलतरा येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, कारखान्यांचे स्वतःचे वीज प्रकल्प. पलीकडून खारून नदी उत्तरेकडे जाते, शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि ते पाणी शेवटी ओडिशात हिराकुडच्या जलाशयात उतरतं. हा मुलूख आपल्याला परका नाही. १८५४ पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि पुढेही १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. घरात मराठी आणि बाजारात छत्तीसगढी बोलणारी कुटुंबं रायपुरात पिढ्यान्पिढ्या आहेत.

आजचा प्रश्न साधा आहे. समजा, आज रात्री सिलतऱ्यावर पहिला मोठा पाऊस पडला. छपरांवरची, रस्त्यांवरची, ढिगाऱ्यांवरची काळी भुकटी वाहून नाल्यात गेली, नाल्यातून खारूनमध्ये. खालच्या अंगाच्या गावाला ती कधी पोहोचेल आणि किती पोहोचेल?

याचं उत्तर काढण्यासाठी आज संगणकावर सॉफ्टवेअर मिळतात, त्यातली कित्येक फुकट. उघडलं की समोर रकाने येतात: प्रवाहाचा वेग, विसरणाचा गुणांक, क्षयाचा दर, वेळेचा टप्पा, प्रदूषणाचा स्रोत. आकडे भरायचे, बटण दाबायचं, आणि नकाशावर लाल-पिवळा-हिरवा पट्टा उमटतो. आज मला त्या पट्ट्याबद्दल नाही, रकान्यांबद्दल बोलायचं आहे. यातला प्रत्येक रकाना कुणीतरी, कुठल्यातरी नदीवर किंवा नळीवर वर्षानुवर्षं डोकं घालून तयार केलेला आहे. ती नदी खारून नव्हती.

हे समजून घेण्याची गरज का, ते आधी सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा ४३ पट्टे 'अतिप्रदूषित' ठरले. २०१८ मध्ये पुन्हा १०० ठिकाणं तपासली, त्यात ३८ अतिप्रदूषित निघाली. सर्वांत वर आपलं तारापूर होतं, आणि यादीत सिलतरा स्वतःच्या नावानिशी होतं. त्याच वर्षी मंडळानं देशभरातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यात खारूनचाही एक. आता अशा ठिकाणी कारखाना वाढवायचा तर पर्यावरणाचा अहवाल करावा लागतो, जनसुनावणी घ्यावी लागते, आणि अहवालात पाण्याच्या प्रकरणात मॉडेलचं चित्र असू शकतं. मंडपात बसलेल्या गावकऱ्याला तो रंगीत पट्टा दिसतो. पट्टा हिरवा का आला, हे विचारायचं तर रकान्यांपर्यंत जावं लागतं.

सुरुवात क्षयाच्या दरापासून करू, कारण तिथूनच ही सगळी विद्या जन्मली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली ओहायो नदी पिट्सबर्गपासून खाली शहराशहरांचं मैलापाणी घेत वाहत होती. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं १९१४ च्या सुमारास नदीची पाहणी हाती घेतली. माणसं होडीतून जायची, बाटल्या भरायची, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची, पुन्हा खालच्या टप्प्यावर मोजायची. या मोजण्यांतून हॅरल्ड स्ट्रीटर आणि अर्ल फेल्प्स यांनी १९२५ मध्ये एक समीकरण मांडलं. मैलापाणी कुजताना जंतू ऑक्सिजन खातात, तो एक दर. पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो, तो दुसरा दर. दोघांची ओढाताण लावली की ऑक्सिजनचा आलेख शहराखाली झोळीसारखा लोंबतो आणि पुढे हळूहळू वर येतो. शंभर वर्षं झाली, नदीच्या गुणवत्तेचं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर अजून या झोळीवर उभं आहे. टेक्सासच्या जलविकास मंडळासाठी १९७० मध्ये केलेला 'क्वाल' नावाचा प्रोग्राम, त्याचे पुढचे अवतार, आज विद्यार्थी वापरतात तो 'क्वाल-टू-के', हे सगळं एकच घराणं.

गंमत बघा. होडीतली मोजणी आधी झाली आणि समीकरण दहा वर्षांनी आलं. आपल्याकडे आता समीकरण आधीच तयार मिळतं, त्यामुळे होडी काढायची कुणाला घाई नसते. पाठ्यपुस्तकात दर दिलेला असतो: दिवसाला ०.२३, पाणी २० अंशांवर असताना. मे महिन्यात खारूनचं पाणी २० अंशांवर असेल का हो? तापमानासाठी दर अंशाला १.०४७ नं गुणायची पद्धत आहे. ३० अंशांना हिशेब केला तर दर दीडपटीहून जास्त होतो. दुसऱ्या बाजूला गरम पाण्यात ऑक्सिजन मावतोच कमी: २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. म्हणजे खाणारे वाढले आणि शिधा घटला. आपल्या प्रयोगशाळांनी हे ओळखलं आहे. ब्रिटनच्या मैलापाणी आयोगाच्या काळापासून चालत आलेली पाच दिवसांची बीओडी चाचणी जगभर २० अंशांवर करतात, भारतात ती तीन दिवस आणि २७ अंश अशी आहे. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे येतात, पण त्यामागचा दर सारखा नसतो. आकडा इकडचा आणि दर तिकडचा असं रकान्यात भरलं गेलं की चूक दिसतही नाही.

इथे मात्र सिलतऱ्याचा खरा पेच येतो. कोळशावरचं स्पंज आयर्न कसं करतात? लोखंडाचं खनिज, दगडी कोळसा आणि डोलोमाइट एका लांबलचक फिरत्या भट्टीत, हजारेक अंशांवर. पाणी लागतं ते मुख्यतः बाहेरून थंड करायला. बाहेर पडतं ते धूळ, राख आणि 'डोलोचार' नावाचा अर्धवट जळलेला काळा माल. यातलं लोखंड किंवा इतर धातू कुजत नाहीत. त्यांचा क्षयाचा दर शून्य. ते गाळाला चिकटतात, तळाशी बसतात, पुराला उठतात, पुन्हा बसतात. स्ट्रीटर-फेल्प्सच्या झोळीत त्यांना जागाच नाही. उलट रायपूर शहराचं मैलापाणी त्या झोळीत चपखल बसतं. म्हणजे खारूनवर फक्त ऑक्सिजनचं मॉडेल उभं केलं, तर गुन्हेगार म्हणून शहर पुढे येईल आणि कारखान्यांची भुकटी चित्रातच नसेल. शहर निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण कोणतं मॉडेल उघडलं, यावरच आरोपी कोण हे अर्धंअधिक ठरून जातं. गणित अचूक असतं. प्रश्नच दुसरा विचारलेला असतो.

आता विसरणाचा रकाना. नदीत रंगाची बाटली ओतली तर रंगाचा ठिपका वाहत जाताना लांबत जातो. का? पहिलं उत्तर १८५५ मध्ये झुरिकमधल्या अडोल्फ फिक या तरुण शरीरशास्त्रज्ञानं दिलं: जास्त मीठ असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे मीठ सरकतं, उष्णता सरकते त्याच नियमानं. पण हे सरकणं इतकं मंद की नदीत ते कुठल्या कुठे हरवून जाईल. खरं कोडं केंब्रिजच्या जेफ्री टेलर यांनी १९५३ मध्ये सोडवलं. बारीक काचेच्या नळीत पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी सोडून ते बघत बसले. मधलं पाणी पुढे पळतं, कडेचं मागे रेंगाळतं, आणि या वेगांच्या फरकामुळे ठिपका ताणला जातो. नदीला हेच लावायचं प्रयत्न झाले. एल्डर यांनी १९५९ मध्ये खोलीनुसार बदलणाऱ्या वेगावरून सूत्र काढलं. पण प्रत्यक्ष नद्यांत रंग टाकून पाहिल्यावर ठिपका त्याहून कितीतरी जास्त लांबताना दिसला. कॅलिफोर्नियातल्या ह्यूगो फिशर यांनी साठच्या दशकात कारण सांगितलं: नदीत खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. मधली धार जोरात, काठाला पाणी संथ, आणि दोघांमधलं अंतर खोलीच्या कित्येक पट.

आकडे घालून पाहू. समजा नाला पाच मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर, उतार किलोमीटरला अर्धा मीटर. एल्डरच्या सूत्रानं गुणांक येतो ०.१५ च्या आसपास, फिशरच्या सूत्रानं सुमारे १ चौरस मीटर प्रति सेकंद. सहा-सात पटींचा फरक, त्याच नाल्याला. आणि दोन्ही सूत्रं अशा वाहत्या पाण्यासाठी आहेत. खारूनवर ठिकठिकाणी एनीकट, म्हणजे आडवे बंधारे आहेत. उन्हाळ्यात नदी वाहत नाही, ती डबक्यांची माळ होते. तिथे वेगाचा रकाना भरायचा तरी कसा?

आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे नदीचं मॉडेल म्हणजे जमिनीवर बांधलेली, पाणी सोडलेली लहानशी नदी. ज्यांनी ती शेड पाहिली आहे त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. पण जागेअभावी अशा मॉडेलमध्ये लांबी जास्त आकसतात आणि खोली कमी, नाहीतर पाण्याचा नुसता पापुद्रा उरेल. त्यामुळे पुराची पातळी त्यात नीट कळते, पण प्रदूषणाचा ठिपका खऱ्यासारखा पसरत नाही. संगणकाकडे वळण्याचं हे एक मोठं कारण.

मात्र संगणकाचीही एक खोड आहे, आणि ती मला सर्वांत धोक्याची वाटते. १९२८ मध्ये ग्योटिंगनच्या कूरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी दाखवलं की अशी समीकरणं तुकडे पाडून सोडवताना वेळेचा टप्पा मनाला येईल तसा घेता येत नाही. साध्या भाषेत, एका टप्प्यात पाण्यानं एका तुकड्यापेक्षा पुढे उडी मारता कामा नये. मारली तर आकडे भडकतात, प्रदूषण उणे येतं, आणि विद्यार्थी घाबरून मला ईमेल करतात. ही चूक बरी, कारण ती दिसते. न दिसणारी चूक वेगळी आहे. साध्या पद्धतीत तुकडा मोठा घेतला की संगणक स्वतःच्या पदरचं विसरण त्यात मिसळतो. आपला वरचाच नाला घ्या, २०० मीटरचे तुकडे पाडा, वेळेचा टप्पा साडेपाच मिनिटांचा ठेवा. संगणकाचं हे खोटं विसरण १५ चौरस मीटर प्रति सेकंद येतं. नाल्याचं खरं विसरण १. बेरीज १६. पहिल्या पावसाचा लोंढा एका दमात आला असेल, तर त्याची सर्वांत जास्त तीव्रता खऱ्याच्या चौथ्या हिश्श्यावर येते. आलेख कसा छान गुळगुळीत दिसतो! मर्यादेच्या वर गेलेला आकडा मर्यादेच्या खाली येतो, आणि कुणी खोटं बोललेलं नसतं.

जमिनीखालची गोष्ट याहून जुनी आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी पुरवणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्यानं वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडून १८५६ मध्ये नियम छापला: वाळूतून पाणी किती झिरपेल ते दाबाच्या फरकावर आणि वाळूच्या जातीवर ठरतं. रायपूरला १८९२ मध्ये राजनांदगावच्या राजा बलरामदास यांच्या देणगीतून खारूनवर पाणीपुरवठा योजना झाली, तीही नदीच्या वाळूतून पाणी झिरपवून घेणारी. म्हणजे दार्सीचा नियम रायपूरकर सव्वाशे वर्षांपूर्वीच पीत होते! अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानं १९८४ मध्ये 'मॉडफ्लो' आणलं, १९९० मध्ये चुनमियाव झेंग यांनी त्यावर प्रदूषण वाहून नेणारं 'एमटी-थ्री-डी' जोडलं, आणि दोन्हींच्या पोटात दार्सीची तीच वाळू आहे.

भारतात याचा चांगला उपयोग झाला तो हैदराबादजवळच्या पाटणचेरूत. औषधं आणि रसायनांच्या कारखान्यांचं पाणी नक्कावागू ओढ्यात जात होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओढ्याकाठच्या विहिरी वर्षानुवर्षं मोजून भूजलातलं प्रदूषण कुठवर सरकलं याचं मॉडेल केलं. त्यातून दिसलं की कारखान्यांच्या आवारापेक्षा ओढ्याचा गाळथर हाच प्रदूषणाचा महामार्ग होता. विहिरींच्या नोंदी नसत्या तर हे कळलं नसतं.

रायपूरच्या पोटात मात्र वाळू नाही, छत्तीसगढ खोऱ्यातला चुनखडीचा आणि शेलचा खडक आहे. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने आहेत ते याच चुनखडीमुळे. चुनखडीत पाणी भेगांतून आणि विरघळून झालेल्या पोकळ्यांतून पळतं. एका बोअरला धो धो पाणी, वीस पावलांवरची बोअर कोरडी, हा तिथल्या शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव. अशा खडकाला वाळूचा सरासरी आकडा दिला तर मॉडेल सांगेल की प्रदूषण पोहोचायला कित्येक वर्षं लागतील. भेगेतून ते एका पावसाळ्यातही पोहोचू शकतं.

राहिला शेवटचा रकाना, स्रोत. माझ्या मते सिलतऱ्यापुरता हाच सर्वांत मोठा. नदीच्या मॉडेलांची सवय अशी की स्रोत म्हणजे पाइप. पाइपमधून किती पाणी, त्यात किती माल. स्पंज आयर्नची प्रक्रिया कोरडी, पाणी पुन्हा वापरतात, म्हणून कागदावर पाइपचा आकडा शून्य असू शकतो. शून्य भरलं की उत्तरही शून्य. पण सिलतऱ्याचा माल पाइपनं येत नाही. तो आधी हवेतून येतो, छपरांवर आणि शेतांवर बसतो, आणि पावसानं वाहतो.

याचीही विद्या आहे, पण ती नदीवर नाही, अमेरिकन शहरांच्या रस्त्यांवर जन्मली. १९७१ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं शहरी पावसाच्या पाण्याचं 'स्विम' हे मॉडेल तयार करून घेतलं. १९७२ मध्ये सार्टर आणि बॉइड यांनी रस्त्यांवर कृत्रिम पाऊस पाडून धूळ किती निघते ते मोजलं. कोरड्या दिवसांत धूळ साचते, पावसात धुऊन निघते, असं दोन टप्प्यांचं गणित. धुण्याच्या दरासाठी सुरुवातीच्या 'स्विम'मध्ये एक गृहीत धरलं होतं: तासाला अर्धा इंच पाणी वाहिलं तर तासाभरात ९० टक्के धूळ जाईल. त्यातून इंचामागे ४.६ हा गुणांक आला, आणि तो पुढे पाठ्यपुस्तकांतून जगभर फिरला. डांबरी रस्ता, मोटारींची धूळ, सत्तरीचं दशक. डोलोचारची हलकी काळी भुकटी, मातीचं आवार आणि आठ महिन्यांच्या कोरड्या हंगामानंतरचा जूनमधला पाऊस यांना तो लागू पडेल असं मानायला काही आधार नाही. भुकटी तरंगते का, बसते का, किती मिलिमीटर पावसानंतर नाला काळा होतो, हे तिथंच बघायला हवं. गावातल्या माणसाला यातलं बरंच आधीच माहीत असतं. त्याला विचारणारा रकाना मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो.

आणखी एक गोष्ट नकाशावर बघा. रायपूर शहर आपलं पाणी वरच्या अंगाला, भाठागावजवळ खारूनमधून उचलतं. सिलतरा त्याच्या खाली आहे. शहराच्या नळाला त्या नाल्याचं पाणी येत नाही. ते खालच्या गावांच्या घाटांवर, बोअरमध्ये, गुरांच्या तोंडी जातं. स्रोताच्या रकान्यात शून्य पडल्यानं शहरात कुणाला काहीच जाणवत नाही.

मला विचारणारे बरेच जण कॉलेजातले असतात. सर, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? त्यांना मी आधी मीठ आणायला सांगतो. एखादा किलो मीठ बादलीभर नाल्याच्याच पाण्यात विरघळवा. वाहकता मोजायचं यंत्र हजारा-दोन हजारांत मिळतं, ते घेऊन एकजण खाली शे-दोनशे मीटरवर उभा राहू द्या, घड्याळ आणि वही घेऊन. वरचा माणूस बादली एका झटक्यात ओततो आणि हात वर करतो. खालचा दर पाच सेकंदांनी आकडा लिहितो. आधी काहीच बदलत नाही. मग आकडा वर चढतो, शिखर गाठतो, आणि हळूहळू, फार हळूहळू उतरतो. शिखर किती वेळानं आलं त्यावरून नाल्याचा वेग, आणि ते किती रुंद झालं त्यावरून विसरणाचा गुणांक निघतो. हे एकदा मे महिन्यात करा, एकदा पावसाची उघडीप मिळाल्यावर जुलैत. दोन्ही आलेख शेजारी ठेवा, मग सॉफ्टवेअर उघडा.